गरम झाल्यावर गाडी स्टार्ट होत नाही? पार्ट बदलायच्या आधी एवढं बघा

सकाळी गाडी अर्ध्या सेलमध्ये चालू होते, तासभर मस्त पळते, मग कुठंतरी १०-१५ मिनिटं बंद करून उभी केली आणि परत येऊन चावी फिरवली की नुसतं कुंईऽ कुंईऽ कुंईऽ. बॅटरी बसायला येते, आजूबाजूचे लोक बघायला लागतात, कोणीतरी "धक्का मारू का" विचारतो, आणि अर्ध्या तासानं काहीच न करता गाडी अशी चालू होते जसं काही झालंच नव्हतं. गॅरेजला नेईपर्यंत तर पूर्ण गार झालेली असते, मिस्त्री एक सेल मारतो, गाडी चालू, तो तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही त्याच्याकडे.

या बिघाडाची गंमत (म्हणजे ताप) हीच आहे की तो फक्त वीस-तीस मिनिटं घरी असतो. म्हणून लोक अंदाजानं पार्ट बदलत बसतात. मी पण बसलो होतो, कार्ब्युरेटरवाली जुनी पेट्रोल गाडी, प्लग बदलले, कार्ब्युरेटरची किट टाकली, पेट्रोलचा एसी पंप (म्हणजे इंजिनावर बसणारा, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) बदलला, कारण ज्याला विचारावं तो म्हणायचा व्हेपर लॉक आहे, म्हणजे लाइनमध्ये पेट्रोलची वाफ अडकलीय. शेवटी काय निघालं ते पुढे सांगतो, पण पेट्रोलशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तेव्हा या लेखाचं सूत्र एकच, तपासणी गाडी गरम असताना आणि स्टार्ट होत नसतानाच करायची, गार गाडीवर केलेली टेस्ट या बाबतीत जवळपास फुकट असते.

आधी गरम झाल्यावर नक्की काय होतं ते

गाडी चालू असते तेव्हा पाणी फिरत असतं, फॅन चालू असतो, समोरून वारा येत असतो. बंद केली की हे सगळं एकदम थांबतं पण इंजिनाच्या लोखंडातली उष्णता कुठं जाणार, ती वर येते आणि बोनेटखाली कोंडते. म्हणजे बंद केल्यावर पहिली १५-२० मिनिटं कार्ब्युरेटर, पेट्रोल लाइन, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल, सेन्सर हे सगळं चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतं. पेट्रोल हे एकच द्रव नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळायला लागतात, त्यामुळे तापलेल्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अक्षरशः चहासारखं उकळतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची वाफ अजून थोडी लवकर होते, त्यामुळे जुन्या गाड्यांना हा त्रास जास्त जाणवतो. शिवाय तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो आणि जुनं इन्सुलेशन गरम झालं की दगा देतं. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं त्यातूनच येतं.

पहिली गोष्ट: लक्षण नीट बघा, पाना नंतर

दोन-तीन वेळा त्रास होऊ द्या आणि लिहून ठेवा. किती वेळ चालवली, किती मिनिटं बंद होती, किती वेळानं परत चालू झाली. खरं सांगू का, अर्धं निदान इथंच होतं.

बंद केल्या केल्या लगेच सेल मारला तर चालू होते, पण १०-२० मिनिटांनी नाही, आणि तासाभरानं परत होते, असं असेल तर बहुतेक पेट्रोलचं काम आहे, उकळणं, ओव्हर होणं (इंजिनात जादा पेट्रोल जाणं) किंवा लाइनचं प्रेशर उतरणं. चालता चालता मध्येच फट्कन बंद पडली आणि मग गार होईपर्यंत नाहीच, तर करंटकडे (म्हणजे प्लगच्या ठिणगीकडे) बघा, कॉइल, तिचा करंट चालू-बंद करणारं इग्निशन मॉड्यूल, इंजिन फिरतंय हे सांगणारा क्रँक सेन्सर. चालता चालता पण हळूहळू दम सोडत, गचके देत बंद पडली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का बघा, झाकण उघडताना फस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली तर उत्तर मिळालं. फुकटातली टेस्ट आहे, सगळ्यात आधी हीच करा. आणि गरम झाल्यावर सेलच जड फिरत असेल तर पेट्रोल-करंटच्या नादी लागूच नका, आधी स्टार्टर.

हात घालायच्या आधी एवढं पाळा: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक चालू होतो तेव्हा बोटं लांब, आणि जवळ कोणी सिगरेट पेटवत असेल तर त्याला हाकला. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकाच बोनेटखाली आहेत हे विसरू नका. सेल एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडायचं, नाहीतर तपासता तपासता स्टार्टरच जाळून बसाल.

सेल कसा फिरतोय?

कान द्या. सकाळी जसा फिरतो तसाच फिरत असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

जड फिरत असेल तर मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर लावा आणि कोणाला तरी सेल मारायला सांगा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी दमलीय किंवा स्टार्टर जास्त करंट खातोय. व्होल्टेज चांगलं असूनही जड फिरत असेल तर वायरी बघा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं स्टार्टरच्या जाड बोल्टवर, सेल मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती वायर किंवा तिची टोकं खराब. तसंच बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत, तिथं तर ०.२ च्या आसपासच असायला हवं. बऱ्याच जुन्या गाड्यांचा बिघाड म्हणजे गंजलेली अर्थिंगची पट्टी एवढाच असतो, खोलून घासून परत कसली की झालं. नुसता 'टक' आवाज येऊन सेल फिरतच नसेल तर सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा त्याच्यावरचा स्विच) किंवा त्याच्याकडे जाणारी बारीक वायर, स्टार्टर सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून असेल तर हे हमखास होतं, मधे पत्र्याचं शील्ड लावा.

अजून एक कारण आहे जे नवीन माणसाला सुचत नाही. टायमिंग जास्त ॲडव्हान्स असलं, म्हणजे ठिणगी वेळेच्या फारच आधी पडत असली, की गरम इंजिन सेल मारताना उलटा झटका देतं, घर्र-गप्प-घर्र-गप्प असं अडखळत फिरतं, आणि लोक बिचारा स्टार्टर उतरवतात. टेस्ट सोपी आहे, इग्निशन बंद करून कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढून टेप लावून बाजूला ठेवा आणि परत सेल मारा. आता मोकळा फिरला तर स्टार्टर ठीक आहे, टायमिंग बघा.

करंट येतोय का?

यासाठी डिकीत एक जास्तीचा चांगला प्लग कायम ठेवा. गरम इंजिनातला प्लग खोलायची घाई करू नका, ॲल्युमिनियमच्या हेडमधे गरम असताना जोर लावला की आटे उतरतात, मग छोटं दुखणं मोठं होतं. एका प्लगची कॅप काढायची, जास्तीचा प्लग त्यात घालायचा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवायचा (जंपर केबलच्या चिमट्यानं पकडा, हातात धरू नका, झटका बसला की हात आपोआप मागे येतो आणि कोपर बोनेटवर आपटतं, अनुभव आहे) आणि कार्ब्युरेटरपासून लांब ठेवून सेल मारायचा. कॅप नुसती लटकत ठेवून सेल मारू नका, करंटला जायला जागा मिळाली नाही तर कॉइल किंवा मॉड्यूलवर येतं. ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते तिथं इंजेक्टरचे कनेक्टर काढून मग हे करा.

निळसर, कडक, 'टक टक' आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक, पुढे जा. पिवळी-नारिंगी, बारीक, अधूनमधून येणारी, किंवा नाहीच, तर बिघाड इथंच आहे.

माझ्या गाडीला नेमकं हेच होतं. कार्ब्युरेटर दोनदा खोलून झाल्यावर एकदा कंटाळून भर उन्हात हा प्लग लावला, हातानं सावली करून बघितलं तर केसासारखी नारिंगी ठिणगी, तीही चार फेऱ्यांत एकदा. कॉइलला हात लावला तर चटका बसला. मित्राच्या गाडीतली कॉइल आणून दोन वायरी आणि एक जाड केबल तिला जोडली, अर्ध्या सेलमध्ये चालू. तीन महिने जी गोष्ट सगळे पेट्रोलमध्ये शोधत होते ती पाच मिनिटांत सापडली कारण पहिल्यांदाच कोणीतरी ती गरम असताना बघितली.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजता येतो, जुन्या साध्या कॉइलचा प्रायमरी साधारण ३ ओम, बॅलास्ट रेझिस्टरवाल्या गाडीत (जिथं कॉइलचा करंट कमी ठेवायला वेगळा रेझिस्टर असतो) दीडच्या आसपास. पण मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून कॉइल चांगली असं नाही, मीटर अगदी थोड्या व्होल्टवर मोजतो आणि कॉइल काम करते हजारो व्होल्टवर. चांगली कॉइल लावून बघणं हीच खरी टेस्ट. आणि कोणीतरी बॅलास्टच्या गाडीची कॉइल बिनबॅलास्टच्या गाडीला बसवलेली असते, ती तापून तापून मरते, तेही बघून घ्या. काँटॅक्ट पॉइंटवाल्या गाडीत कंडेन्सर पण गरम झाल्यावर सोडतो, दिसायला एवढासा पण फार त्रास देतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधली (म्हणजे मिस्त्री लोकांचं डेल्को) पिकअप कॉइल आणि मॉड्यूल हे दोन संशयित. मॉड्यूलच्या खाली उष्णता खेचणारी पेस्ट असते, ती वाळली की मॉड्यूल स्वतःच्याच उष्णतेनं बंद पडतं. एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) गाडीत क्रँक सेन्सर. सेल मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नाही, किंवा स्कॅनरमध्ये सेल मारतानाही आरपीएम शून्यच दिसतो, तर पहिला संशय त्याच्यावर.

एक उलटी युक्ती पण आहे. गाडी गार असताना चालू करा आणि संशय असलेल्या त्या एकाच पार्टवर हेअर ड्रायर मारा. कॉइल, मॉड्यूल, सेन्सर, एकेक करून. ज्याला तापवल्यावर गाडी बंद पडली तो चोर. रस्त्यात अडकून घाम गाळण्यापेक्षा हे घरी निवांत करता येतं.

पेट्रोल जास्त होतंय की कमी?

करंट ठीक आहे, सेल ठीक आहे, तर राहिलं पेट्रोल. इथं गंमत अशी की जास्त झालं तरी गाडी चालू होत नाही आणि कमी झालं तरी नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं.

आधी ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबा, दाबूनच ठेवा, पंप करायचा नाही, आणि ७-८ सेकंद सेल मारा. दोन-चार वेळा फड-फड करून काळा धूर काढत चालू झाली तर गाडी ओव्हर झाली होती. पूर्ण थ्रॉटलनं हवा जास्त जाते आणि आतलं जादा पेट्रोल निघून जातं. एफआय गाड्यांतही बऱ्याच इसीयूना (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पॅडल पूर्ण दाबून सेल मारला की पेट्रोल कमी करायची किंवा तोडायची सोय असते. लोक नेमकं उलटं करतात, गाडी चालू होत नाही म्हणून पॅडल फटाफट मारत बसतात, आणि कार्ब्युरेटरवाल्या गाडीत प्रत्येक फटक्याला पेट्रोलची अजून एक पिचकारी आत.

कार्ब्युरेटर असेल तर आता एअर फिल्टर काढून टॉर्च मारून आत बघा, इंजिन बंद, कोणी सेल मारत नाहीये याची खात्री, तोंड जरा लांब. थ्रॉटलला हात न लावता नळीतून पेट्रोलचे थेंब टपकताना दिसले, वाफ वर येताना दिसली, तर उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतंय. कार्ब्युरेटरच्या बाउलमधल्या (पेट्रोल साठवायच्या वाटीतल्या) फ्लोटची लेव्हल जास्त आहे का, तिथलं पेट्रोल अडवणारी नीडल झिजलीय का, आणि कार्ब्युरेटरखालचा तो जाड इन्सुलेटर पॅकिंग कोणी काढून पातळ गॅस्केट बसवलंय का बघा. हे शेवटचं मी दोन-तीन गाड्यांवर पाहिलंय, किट बदलताना "हे कशाला एवढं जाड" म्हणून फेकून देतात. चोकची पाकळीही आत्ताच बघा, गरम असताना ती पूर्ण उभी, उघडी असायला हवी, अर्धवट मिटलेली असेल तर वेगळं काही शोधायचीच गरज नाही.

टपकत नसेल तर थ्रॉटलची लिव्हर हातानं एकदा पूर्ण ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर बाउलमध्ये पेट्रोल आहे. काहीच आलं नाही तर बाउल रिकामा, म्हणजे उकळून संपलंय आणि पंप नवीन आणत नाहीये. हा खरा व्हेपर लॉक. इंजिनावरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, ओढताना लाइनमधलं प्रेशर अजून कमी होतं, त्यामुळे तिथं वाफ अजून लवकर धरते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. खात्री करायला ओलं फडकं पिळून पंपावर आणि लाइनवर गुंडाळा, पाच मिनिटांनी सेल मारा. चालू झाली तर सिद्ध. लाकडी चिमटे लाइनवर लावायचा जुना उपाय ऐकला असेल, मला तरी त्यानं कधी फरक दिसला नाही. लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्या, शील्ड लावा, टाकीकडे रिटर्न लाइन मूळची असेल आणि कोणी बंद केली असेल तर ती परत चालू करा. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावणं हा पक्का उपाय, पण इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल असा कटऑफ लावल्याशिवाय नको, अपघातात लाइन तुटली तर तो पेट्रोल ओततच राहील.

एफआय गाडी असेल तर चावी ऑन करा, पंपाची दोन सेकंदांची गुणगुण थांबू द्या, ऑफ करा, असं तीनदा, मग सेल. यानं लगेच चालू होत असेल तर गाडी बंद असताना लाइनचं प्रेशर उतरतंय. चालू गाडीत जुन्या साध्या एफआय सिस्टिमचं प्रेशर साधारण अडीच ते साडेतीन बार असतं (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या), बंद केल्यावर ते बराच वेळ टिकायला हवं, कारण प्रेशरखाली पेट्रोल लवकर उकळत नाही. गेजवर ते मिनिटभरात झोपत असेल तर पंपातला चेक वॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची बारीक नळी असेल तर ती काढून वास घ्या, आत पेट्रोल ओलं लागलं तर डायफ्रॅम फाटलाय, बदला आणि विषय संपवा.

आणि कूलंट टेंपरेचर सेन्सर विसरू नका. तो इसीयूला इंजिन किती गरम आहे ते सांगतो, तोच खोटं बोलला तर इसीयू गरम इंजिनाला बर्फातलं इंजिन समजून पेट्रोल ओतत राहतो. स्कॅनरवर इंजिन गरम असताना ८०-९० च्या पुढं दिसायला हवं, उणे ४० दिसलं तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर निघालाय. स्कॅनर नसेल तर ओम मोजा, नेहमीच्या सेन्सरमध्ये २० अंशांला दोन-अडीच किलोओम आणि ८० अंशांला तीनशेच्या आसपास. थोडाच चुकत असेल तर चेक इंजिनचा दिवा लागतोच असं नाही, त्यामुळे दिवा नाही म्हणून सोडू नका.

डिझेल आणि दुचाकी

डिझेलला ठिणगी नाही त्यामुळे यादी छोटी. पहिला संशय सेलच्या वेगावर, दुसरा पंपावर. जुना रोटरी एफआय पंप (इंजेक्टरना डिझेल प्रेशरनं पाठवणारा) झिजला की गरम, पातळ झालेलं डिझेल आतल्या आतच गळतं आणि सेलच्या वेगावर इंजेक्टर उघडण्याइतकं प्रेशर बनत नाही. पंपावर ओलं गार फडकं ठेवा, पाच-दहा मिनिटांत चालू झाली तर पंप दुरुस्तीला आलाय. तापलेल्या पंपावर बादलीनं पाणी ओतणारे असतात, तसं करू नका, आतले पार्ट इतके बारीक फिटिंगचे असतात की एकदम गार झाल्यावर जाम होऊ शकतात. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणारी नवीन पद्धत) असेल तर इंजेक्टरच्या रिटर्नमधून किती डिझेल परत जातंय ते मोजून घ्या. एअर धरलेली (लाइनमध्ये हवा शिरलेली) डिझेल गाडी सहसा सकाळी रडते, गरम असताना नाही.

दुचाकीत सगळ्यात जास्त वेळा टॅपेट (वॉल्व्हजवळची बारीक फट) निघतात. टॅपेट टाइट झाले की गरम झाल्यावर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं, किक मारताना सकाळपेक्षा पाय हलका जातो, हे पायाला कळतं. टॅपेट मात्र गार इंजिनावरच फिलर गेजनं सेट करायचे. त्यानंतर पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) आणि सीडीआय (दुचाकीचं इग्निशन मॉड्यूल), तिथंही तीच प्लगची टेस्ट, तोच हेअर ड्रायर. कारमध्येही वॉल्व्हचं हेच होऊ शकतं, गरम असताना कॉम्प्रेशन मोजा (थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लग सांभाळून खोला), सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर हेडचं काम.

दुरुस्त झाली हे कधी मानायचं

पार्ट बदलला आणि गाडी चालू झाली याला काही अर्थ नाही, अर्ध्या तासात ती तशीही चालू होणारच होती. तीच गाडी, तेवढाच रस्ता, तेवढंच ऊन, १५ मिनिटं बंद, मग सेल. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि वहीत लिहा. एका वेळी एकच पार्ट बदला आणि जुना लगेच फेकू नका, माझी काढलेली कार्ब्युरेटरची किट अजून डब्यात आहे, एकदम चांगली.